डॅकसाठी स्ट्रीमर घ्यायचाय, बजेट ६० हजार. सल्ला हवा

जिनवाला_अमळनेर
नमस्कार मंडळी. वर्षभर नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच लिहितो.

दिवाळीत पुण्यातल्या एका गृहस्थांकडून आरएमईचा एडीआय-२ डॅक एफएस (डिजिटल गाण्याचं ॲम्पला लागणाऱ्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारा डबा) घेतला, वापरलेला पण जपलेला. पुढं जुना इंटिग्रेटेड ॲम्प आणि वडिलांचे बुकशेल्फ स्पीकर. गाणं सध्या लॅपटॉपवरून युएसबीनं जातं; त्याच्या जागी स्ट्रीमर हवाय, म्हणजे साठवलेली किंवा नेटवरची गाणी डॅककडं पाठवणारा डबा. वडिलांच्या ६०० च्या आसपास सीडी आहेत, जास्त करून ख्याल आणि नाट्यसंगीत. त्यातल्या २०० रिप झाल्यात, म्हणजे लॅपटॉपवर उतरवल्यात, सगळ्या वेव्ह फाइलमध्ये.

दुखणी दोन. वडील ७४ वर्षांचे. लॅपटॉप उघडा, फोल्डर शोधा हे त्यांना नको वाटतं, मग ते रेडिओच लावून बसतात. दुसरं म्हणजे ख्यालाच्या सुरुवातीला नुसता तानपुरा असतो ना, तेव्हा मागं बारीक घरघर ऐकू येते. तबला सुरू झाला की दबते, पण एकदा ऐकली की कान तिकडंच जातो.

एका दुकानदाराला फोन केला. म्हणाला, "या डॅकला दीड लाखाखालचा स्ट्रीमर लावाल तर डॅक गुदमरेल." माझी तयारी ६० हजारांची. राउटर वरच्या मजल्यावर आहे, खाली लॅन केबल ओढता येईल. लाइट कशी जाते-येते ते आपल्या भागात वेगळं सांगायला नको.

काय घेऊ?

धुळे_पाचवी_गल्ली
दीड लाख? भाऊ, इतला पैसास्मा तं चांगली म्हैस ई जाई.

मस्करी जाऊ द्या. डॅक गुदमरत वगैरे नाही. स्ट्रीमरचं काम निरोप्याचं, चिठ्ठी जशीच्या तशी पोचवायची. निरोप्या बुलेटवर आला म्हणून चिठ्ठीतलं अक्षर सुधारत नाही. ६० सुद्धा जास्त होतात.

सुरेल_नंदुरबार
पाचवी गल्लीवाले दादा, इतकं सोपं असतं तर लोक वेडे आहेत का? माझ्याकडे ल्युमिनचा यू२ मिनी स्ट्रीमर आहे. आधी लॅपटॉप होता. फरक पहिल्या पाच मिनिटांत कळला, आवाजामागची पार्श्वभूमी काळीकुट्ट झाली. पैसे थोडे साठवा, पण एकदाच चांगलं घ्या.

तापीकाठ_भुसावळ
जिनवाले भाऊ, काहीही विकत घेण्याआधी एक फुकटची गोष्ट करा. गाणं थांबवा, आवाज नेहमीपेक्षा थोडा वाढवा, घरघर ऐकू येऊ द्या, आणि लॅपटॉपचा चार्जर पिनसकट बोर्डातून काढा. लॅपटॉप बॅटरीवर चालू द्या. काय होतं ते इथं लिहा. मग स्ट्रीमरचं बोलू.

जिनवाला_अमळनेर
काका, घरघर गेली! पूर्ण गेली. चार्जर लावला की परत हजर. चार वेळा करून पाहिलं, बायको म्हणाली आता बोर्डच जळेल.

तापीकाठ_भुसावळ
तेच वाटलं होतं. मी ३१ वर्षं विजेच्या कामात काढली, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो, कंटाळू नका.

तुमचा चार्जर तीन पिनचा असणार. ॲम्पही तीन पिनचा. दोघं वेगवेगळ्या बोर्डांवर, म्हणजे दोन वाटांनी अर्थला गेलेले. युएसबी केबलमध्ये डेटाच्या तारांबरोबर ग्राउंडची तारही असते, ती लॅपटॉपला डॅकशी जोडते, आणि डॅक आरसीए केबलनं ॲम्पशी जोडलेला. झालं वर्तुळ पूर्ण. दोन अर्थमध्ये थोडा जरी व्होल्टेजचा फरक असला तरी त्या वर्तुळात करंट फिरतो आणि तो स्पीकरमधून ऐकू येतो. यात डॅकचा दोष नाही आणि दीड लाखाच्या डब्याचाही संबंध नाही.

आता करायचं काय:

पहिलं, लॅपटॉप, डॅक, ॲम्प सगळं एकाच भिंतीवरच्या एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. निम्मी घरं इथंच बरी होतात.

दुसरं, मल्टिमीटरनं न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज बघा. एक-दोन व्होल्टच्या आत असलं तर ठीक. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात वाळून तडकते, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते आणि रेझिस्टन्स वाढतो. माझ्या घरी मागच्या मे महिन्यात ११ व्होल्ट दाखवत होतं. खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतलं, संध्याकाळी तीनवर आलं. खड्डा जुना असेल तर मीठ-कोळसा बदलून घ्या.

तिसरं, आणि हे हात जोडून सांगतो: घरघर जावी म्हणून ॲम्पची अर्थ पिन कापू नका, तिच्यावर टेप लावू नका. मी असा एक ॲम्प पाहिलाय ज्याच्या पत्र्याला हात लावला की टेस्टर पेटायचा.

सुरेल_नंदुरबार
काका, माझ्याकडे काळी पार्श्वभूमी आली ती मग याच कारणानं?

तापीकाठ_भुसावळ
असू शकेल. लॅपटॉप गेला म्हणजे त्याचा चार्जरही गेला. तुमचा डबा वाईट नाही हो, देखणा आहे, सुखानं ऐका. पण हाच फायदा जिनवाले भाऊंना शे-दोनशे रुपयांच्या ऑप्टिकल केबलनं मिळेल. त्यातून उजेड जातो, वीज नाही, म्हणून वर्तुळ बनतच नाही.

पाय_प्रेमी_चोपडा
ऑप्टिकलचा विषय निघालाच आहे तर जोडणीचं थोडं सांगतो.

एसपीडीआयएफमध्ये, म्हणजे ऑप्टिकल असो की कोॲक्सियल, घड्याळाची टिकटिक डेटासोबतच येते. डॅकला ती ओळखून आपलं घड्याळ जुळवावं लागतं. या कामात आरएमईची स्टेडीक्लॉक, म्हणजे डॅकमधली घड्याळ जुळवायची यंत्रणा, आधीपासून तगडी आहे, तुम्हाला काळजी नाही. असिंक्रोनस युएसबीत उलट असतं. तिथं मालक डॅक, त्याचं घड्याळ चालतं आणि तोच सोर्सला सांगतो की आता इतका डेटा दे. त्यामुळं स्ट्रीमरमध्ये महागडं घड्याळ बसवलंय म्हणून युएसबीवर पैसे मोजायचे, हे मला तरी पटत नाही.

वेगाचं म्हणाल तर सीडीचा डेटा सेकंदाला १४११ किलोबिट. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ न दाबता पाठवलं तरी ९.२ मेगाबिट. आपल्या घरातलं साधं वायफायसुद्धा हे ओढतं. लॅन केबल ओढणार असाल तर उत्तम, पण साधी युटीपी घ्या, शील्डवाली नको. लॅनच्या पोर्टात ट्रान्सफॉर्मर असतो, वीज पलीकडं जात नाही. शील्डवाल्या केबलची जाळी मात्र दोन्हीकडच्या पत्र्यांना जोडते आणि काकांचं वर्तुळ मागच्या दारानं परत घरात येतं.

आता तुमच्या डॅकची एक गंमत. त्यात बिट टेस्ट आहे. आरएमईच्या साइटवरून टेस्ट फाइल उतरवा आणि स्ट्रीमरवर वाजवा. बिट जसेच्या तसे पोचले तर डॅकचा स्क्रीन स्वतः पास म्हणून दाखवतो. दोन हजारांचा डबा असो की दोन लाखांचा, दोघांनाही हीच परीक्षा, आणि पासच्या पुढं मार्क नाहीत. नापास झाला तर आधी बघा की स्ट्रीमरचा व्हॉल्यूम १०० वर, फिक्स्ड आहे का, इक्वलायझर बंद आहे का.

जिनवाला_अमळनेर
वा! हे माहीतच नव्हतं, मॅन्युअल वाचायला हवं. मग आता वस्तू कोणती?

पाय_प्रेमी_चोपडा
दोन वाटा.

तयार डबा हवा असेल तर विम प्रो. ऑप्टिकल आणि कोॲक्सियल दोन्ही आउट आहेत, ॲप सुटसुटीत. डॅकला द्यायला युएसबी आउट त्यात नाही, पण तुम्हाला नकोच आहे. युएसबीच पाहिजे असेल तर विम अल्ट्रा किंवा एव्हरसोलोचा डीएमपी-ए६. ए६ मध्ये एसएसडी बसवायची जागाही आहे. पण या दोघांत स्वतःचा भारी डॅकही असतो, त्याचे पैसे तुम्ही उगाच भराल. विम प्रोला तुमच्या सीडींचा साठा दुसरीकडून, म्हणजे नासवरून (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या डब्यावरून) किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवरून द्यावा लागेल.

दुसरी वाट माझ्या नावातच आहे. रास्पबेरी पाय ४ म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर, तिला युएसबीनं एसएसडी जोडायची, वर पीकोअरप्लेअर ही गाणी वाजवणारी सिस्टिम आणि त्यातच गाण्यांची यादी सांभाळणारा लिरियन म्युझिक सर्व्हर. सॉफ्टवेअरला पैसे नाहीत. पाय ३ जुनी मिळाली तरी घेऊ नका, तिच्यात लॅन आणि युएसबी एकाच वाटेनं जातात. आरएमई लिनक्सवर ड्रायव्हरशिवाय चालतो. पायचा ॲडॉप्टर दोन पिनचा घ्या म्हणजे अर्थचं वर्तुळ युएसबीवरही होत नाही.

पीकोअरप्लेअरच का? आपली लाइट. बाकी बऱ्याच सिस्टिम सतत एसडी कार्डवर लिहीत असतात, मध्येच लाइट गेली की कार्ड खराब. माझी दोन गेली, एक तर ऐन पोळ्याच्या दिवशी. पीकोअरप्लेअर सुरू होताना सगळी मेमरीत चढते, नंतर कार्डाला हात लावत नाही. तरी राउटर, पाय आणि डॅक एका छोट्या युपीएसवर ठेवा. आणि पायला ॲल्युमिनियमची केस. शोकेसच्या काचेमागं कोंडू नका, मे महिन्यात आपल्या घरात माणूस शिजतो तिथं ती काय टिकणार.

धुळे_पाचवी_गल्ली
इन्व्हर्टर कोणता आहे तेही बघा. माझा जुना स्क्वेअर वेव्हचा होता, लाइट गेली की ॲम्प भुंग्यासारखा गुणगुणायचा. साइन वेव्हचा आणला, गप्प झाला.

रियाज_जळगाव
सगळे विजेवर तुटून पडलेत, मी गाण्याचं बोलते.

भाऊ, शास्त्रीय ऐकत असाल तर सर्वांत आधी गॅपलेस तपासा, म्हणजे दोन ट्रॅकच्या मध्ये खंड पडत नाही ना ते. कितीतरी सीडींवर विलंबित आणि द्रुत हे वेगळे ट्रॅक आहेत, पण गाणं अखंड आहे. विलंबित संपता संपता तबला लय बदलतो आणि नेमकं तिथं अर्धा सेकंद शांतता आली, तर समेवर कुणीतरी दार आपटल्यासारखं होतं. काही ॲपमध्ये ही सोय सेटिंगमध्ये बंद असते.

दुसरं, वेव्ह ठेवू नका. वेव्हमध्ये टॅगचा, म्हणजे फाइलमध्येच लिहिलेल्या कलाकार-अल्बमच्या नावांचा, भरवसा नसतो. सगळं फ्लॅकमध्ये (काही न गमावता दाबलेल्या फाइलमध्ये) करा, आवाजात एका बिटाचाही फरक पडत नाही, जागा जवळपास निम्मी लागते. ६०० सीडी अर्ध्या टीबीत आरामात बसतील. फ्लॅकचे टॅग युनिकोडमध्ये असतात, देवनागरी बिनधास्त लिहा. पण एकच पद्धत ठरवा. माझ्याकडे भीमसेन जोशी चार ठिकाणी होते: पंडित लावून, पं. लावून, नुसते, आणि एकदा आडनाव आधी. चारही याद्या वेगळ्या. मी आता कलाकाराच्या जागी फक्त नाव, अल्बमच्या जागी सीडीचं नाव आणि जॉनरच्या जागी राग लिहिते. सकाळी "तोडी" दाबलं की घरातल्या सगळ्या तोडी समोर. तुमच्या वडिलांना फोल्डरपेक्षा हे जवळचं वाटेल.

आणि पैसे उरले तर जानेवारीत जळगावला बालगंधर्व महोत्सवाला त्यांना घेऊन या. तिथं डॅक लागत नाही.

जिनवाला_अमळनेर
तीन आठवड्यांनी लिहितोय, माफी.

चोपड्याच्या दादांची वाट धरली. पाय ४, केस, एसएसडी, युपीएस मिळून बजेटच्या निम्मेही गेले नाहीत. बिट टेस्ट पहिल्या दिवशी नापास! प्लेअरचा व्हॉल्यूम ८५ वर होता. १०० केला, पास. न्यूट्रल-अर्थ मोजलं तर ७ व्होल्ट. खड्डा उकरला तर त्यात कोळसा नावालाच होता, वर घरमालकाच्या काळातल्या विटांचे तुकडे. नवीन करून घेतला, आता दीड व्होल्टच्या आत आहे. मिस्त्री म्हणाला, गाण्यासाठी अर्थिंग करणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा पाहिलं.

घरघर नाही. वडिलांना जुना टॅब दिलाय, ताईंच्या पद्धतीनं रागांची यादी लावली. पहिल्या दिवशी त्यांनी मारवा लावला आणि मध्येच विचारलं, "मागचा पंखा बंद केलास का रे?" पंखा चालूच होता.

आता उरलेल्या ४०० सीडी. लॅपटॉपचा ड्राइव्ह ओरखडे असलेल्या सीडींवर अडतो, नुसता घुरघुरतो. कोणाकडे बाहेरून जोडायचा चांगला ड्राइव्ह आहे का, महिनाभरासाठी?

तापीकाठ_भुसावळ
माझ्याकडे दोन पडून आहेत. रविवारी सकाळी गाडीनं या, स्टेशनवर घ्यायला येतो. येताना त्या ओरखड्यांच्या सीडीही आणा, इथंच लावून बघू. भरीत-भाकरी घरी आहेच.

धुळे_पाचवी_गल्ली
भरीत शे का? मंग मी बी येस.