प्रति: कोडी (वायोमिंग) – एक दिवस पुरेल का?
रोडिओ (काउबॉयचे घोडा-बैलांचे खेळ) आणि ‘वाइल्ड वेस्ट’वाल्या बफेलो बिलचं म्युझियम झालं की कोडी संपलं, सरळ यलोस्टोन गाठा, असं वर दोघांनी लिहिलंय. रोडिओबद्दल सहमत. जून ते ऑगस्ट रोज रात्री असतो. जॅकेट मात्र न्या, ऊन कललं की चांगलाच गारठा पडतो. पण कोडी संपलं, हे काही पटलं नाही.

पॉवेल गावच्या रस्त्याला वीसेक किलोमीटरवर हार्ट माउंटनची छावणी आहे. जपानशी युद्ध चालू असताना, १९४२ ते १९४५ या काळात, सरकारने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची जपानी वंशाची माणसं इथे डांबली होती. बहुतेक जण अमेरिकेचेच नागरिक! एका वेळी दहा हजारांवर, म्हणजे तेव्हाच्या कोडीपेक्षा कितीतरी जास्त. डांबरी कागद ठोकलेल्या लाकडी बराकी, आणि वायोमिंगचा हिवाळा. युद्धानंतर शेतकऱ्यांना अगदी नाममात्र भावाने बराकी विकल्या. इस्पितळाची विटांची उंच चिमणी अजून उभी आहे, रस्त्यावरूनच दिसते. पुढे मंत्री झालेले नॉर्मन मिनेटा लहानपणी या कुंपणाच्या आत होते. भावी सिनेटर, कोडीचे ॲलन सिम्प्सन यांच्याशी त्यांची ओळख इथेच, बालवीरांच्या मेळाव्यात झाली.

छावणीच्या जागी आता संग्रहालय आहे, त्याला निवांत दोन तास ठेवा. हिवाळ्यात जाणार असाल तर उघडं आहे ना, ते आधी बघा.