नाताळच्या सुट्टीत चार लहान पोरं आणि जळगावची थंडी: दिवसभर बाहेर कुठे न्यावं?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

नाताळात नणंद पुण्याहून तिच्या जुळ्यांना घेऊन जळगावला येतेय. जुळी चार वर्षांची, माझी मोठी सहाची, धाकटा सव्वादोनचा. आठवडाभर चौघं घरात म्हणजे मोबाइल आणि मारामाऱ्या. म्हणून रोज काहीतरी बाहेरचं ठरवायचंय. मॉल, गेम झोन नको.

अडचण थंडीची. मे महिन्यात ४५ गाठणारा आपला पारा डिसेंबरात पहाटे १० च्या खाली येतो आणि त्याच दिवशी दुपारी पुन्हा २८-३०. सकाळी कानटोपी, स्वेटर, मोजे; अकरा वाजता ते सगळं माझ्या खांद्यावर. धाकटा खेळून घामाघूम होतो, संध्याकाळी तोच घाम अंगावर गार पडतो. सासूबाईंचं मत सरळ आहे: संक्रांतीपर्यंत पोरांना दाराबाहेर काढू नका. त्यांच्यापुढे मांडायला एखादा तरी मुद्दा द्या.

मनात आहे ते असं: तोरणमाळला एक रात्र मुक्काम, हतनूर धरणावर पक्षी, आणि यावलकडे मामेसासऱ्यांच्या मळ्यात भरीत पार्टी. नवऱ्याला सारंगखेड्याची घोड्यांची यात्राही दाखवायचीय. मला त्या गर्दीत, घोड्यांच्या मागच्या पायांशी, धाकटा नको वाटतो. काय जमेल? मी नाशिक शहरात वाढले, मळ्यात पोरांवर कुठे लक्ष ठेवायचं तेही सांगा.

तापीकाठ
ताई, तोरणमाळ सुंदर आहे, यशवंत तलावाकाठी दुपार मस्त जाते. पण ते शहादा-नंदुरबारवाल्यांना सोपं. जळगावहून जाऊन-येऊन एका दिवसात पोरांचे हाल होतील, शिवाय घाटात ओकतात. मुक्काम म्हणाल तर उंची हजार मीटरच्या वर, कडाक्याच्या थंडीत तिथे पहाटे दवसुद्धा गोठतं. धाकटा मोठा झाला की जा. सातपुडाच हवा असेल तर रावेर तालुक्यातलं पाल जवळ पडेल, दिवस मावळायच्या आत परतता येतं.

हतनूरला भल्या पहाटे पोरांना उठवून नेऊ नका. पाण्यावरचे पक्षी नऊ-दहालाही जागेवर असतात. चक्रवाक केशरी आणि चांगला मोठा, चार वर्षांचं पोरही ओळखतं. चांगदेवचं जुनं देऊळ तिथेच, तापी-पूर्णेच्या संगमावर. आवारात पळू द्या. फक्त पाण्याच्या कडेला हात सोडू नका. गाळ वरून वाळलेला दिसतो, पाय ठेवला की आत जातो.

सारंगखेड्याला यजमानांना एकट्याला पाठवा :)

भुसावळकरीण
एक जाड स्वेटर नको, दोन-तीन पातळ थर घाला. आत सुती बनियन, आणि पिशवीत बनियनचा जास्तीचा जोड. मानेमागून पाठीवर हात घालून बघायचं: ओलसर लागलं की एक थर उतरवा. चारच्या सुमारास, ऊन उतरायच्या आधी, आतलं बनियन बदलून टाका. निम्मं काम तिथेच होतं. थंडीत पोरं पाणी मागत नाहीत, आठवणीनं पाजा.

सासूबाईंना म्हणा, सर्दी विषाणूनं होते. खिडक्या लावून चार पोरं एका खोलीत कोंडली तर एकाची चौघांना लागेल. पटेल की नाही माहीत नाही, माझ्या सासूबाईंना पटलं नव्हतं. त्यांनाच मळ्यात घेऊन गेले, मग बोलायच्या बंद झाल्या.

केळीवाला
मळ्यात सगळ्यात आधी शेततळं आहे का विचारा. आतला प्लास्टिकचा कागद इतका निसरडा की पडलेल्या मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. कुंपण नसेल तर पोरांना त्या बाजूला फिरकू देऊ नका. त्याच दिवशी फवारणी झालेली नको. केळीच्या बागेत जुने कपडे घाला, चिकाचे डाग जात नाहीत.

भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात तेव्हा जाळ एकदम उठतो. वाऱ्याची दिशा बघून पोरांना लांब बसवा, अंगात टेरिकॉट-फ्लीस नको. साल काढायला मात्र मोठीला बसवा, गार झाल्यावर. मिरची-लसूण ठेचायच्या आधी पोरांचा वाटा वेगळा ठेचून घ्या, मीठ-तेल घातलं की कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीबरोबर खातात. धाकट्याला अख्खे शेंगदाणे, हरभऱ्याचे घाटे देऊ नका, घशात अडकतात. आणि रात्री थांबलात तर निखाऱ्याची शेगडी बंद खोलीत ठेवू देऊ नका, म्हातारी माणसं मायेनं ठेवतात. निखाऱ्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार! तोरणमाळ रद्द. मामेसासऱ्यांना फोन केला, शेततळं आहे आणि कुंपण नाही, म्हणून पार्टी त्यांच्या भावाच्या मळ्यात, दहा ते चार. सासूबाईंनाही नेतोय, भरीत त्याच करणार म्हणतात. हतनूर दुसऱ्या दिवशी. जाता जाता एक: मेहरूणची बोरं तेव्हा मिळतील ना? नणंदेची फर्माईश आहे.

तापीकाठ
मिळतील. धाकट्याला बी काढूनच द्या.