तीन पत्तीवरून पोकरकडे येताना अडणारे शब्द

मानपाडेकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये गेल्या पावसाळ्यापासून दर शनिवारी संध्याकाळी आम्ही सात-आठ जण टेक्सास होल्डेम पोकर खेळतो, म्हणजे प्रत्येकाच्या हातात दोन पाने आणि मध्ये सर्वांची सामाईक पाच. पैसे लावत नाही. सुरुवातीला प्रत्येकाला दोन हजारांच्या प्लास्टिकच्या चिप्स मिळतात आणि रात्री त्या सगळ्या पुन्हा डब्यात जातात. बरोबरची बहुतेक मुले तिशीतली आहेत, मी पंचावन्नचा. कोजागिरीला आणि दिवाळीत तीन पत्ती खेळतच मी लहानाचा मोठा झालो, त्यामुळे ब्लाइंड, शो, पॅक, कलर, सिक्वेन्स हे शब्द माझ्या तोंडात बसलेले आहेत. माझी अडचण याच ओळखीच्या शब्दांमुळे होते आहे.

मागच्या शनिवारी दोन प्रसंग घडले. पहिल्या डावात माझ्या हातात दश्शी आणि नव्वी होती, मध्ये अठ्ठी, सत्ती, छक्की आल्यामुळे माझा सरळ सिक्वेन्स झाला आणि समोरच्याकडे बदामाचा कलर, म्हणजे पाचही पाने बदामाची, होती. सिक्वेन्स मोठा असे धरून मी चिप्स ओढायला हात पुढे केला, तेव्हा सर्वांनी मला थांबवले. दुसऱ्या डावात माझ्याकडे इस्पिकचा एक्का आणि इस्पिकची नव्वी होती. मध्ये इस्पिकचा राजा, इस्पिकची चव्वी, बदामची सत्ती, किलवरची दुर्री आणि शेवटी इस्पिकचा गुलाम आला. समोरच्याने सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. मी थोडा वेळ पानांकडे पाहत बसलो, मग हो म्हटले, आधी नव्वी उघडली, क्षणभर थांबलो आणि मग एक्का टेबलावर ठेवला. आमच्या घरी तीन पत्तीत पान असेच एकेक करून उघडतात आणि त्यातच गंमत असते. इथे मात्र टेबलावर एकदम शांतता पसरली आणि एक जण म्हणाला, ‘काका, हा स्लो रोल झाला.’ त्याने ते रागाने म्हटले नाही, पण मी काहीतरी गैर केले एवढे मला कळले, आणि ते मनाला लागून राहिले आहे.

मला परिभाषा नीट शिकायची आहे. विशेषतः तीन पत्तीतला शब्द पोकरमध्ये कुठे वेगळा अर्थ घेतो ते सांगावे. नट्स, आउट्स, कूलर, टिल्ट, सेट, ट्रिप्स हे शब्दही सतत कानावर पडतात, त्यांचेही अर्थ कळले तर उपकार होतील.

तलावपाळी

मानपाडेकर, मीही तीन पत्तीवरूनच पोकरकडे आलो, त्यामुळे तुमची अडचण मला नेमकी ठाऊक आहे. सर्वांत जास्त घोटाळा ब्लाइंड या शब्दाचा होतो. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पाने न पाहता खेळणे, आणि तो खेळाडूच्या मर्जीचा भाग असतो. पोकरमध्ये ब्लाइंड ही सक्तीची रक्कम आहे. वाटणाऱ्याच्या डावीकडचा पहिला खेळाडू स्मॉल ब्लाइंड आणि त्याच्या पुढचा बिग ब्लाइंड, जो बहुधा स्मॉलच्या दुप्पट असतो, पाने वाटण्याआधीच टेबलावर ठेवतो. पाने मात्र ते दोघेही खुशाल पाहतात. ही सक्ती नसती, तर प्रत्येक जण एक्क्यांची जोडी येईपर्यंत हात बांधून बसला असता आणि डाव चाललाच नसता. म्हणजे तीन पत्तीतल्या शब्दांपैकी याच्या जवळचा शब्द बूट, म्हणजे डावाच्या सुरुवातीला टाकायची रक्कम, हा आहे, फरक एवढाच की बूट सगळे देतात आणि ब्लाइंड दोघेच. न पाहता रक्कम लावण्याची हौस पोकरमध्ये ज्याने भागते, त्याला स्ट्रॅडल म्हणतात: बिग ब्लाइंडच्या डावीकडचा खेळाडू पाने वाटण्याआधी स्वेच्छेने त्याच्या दुप्पट चिप्स ठेवतो. घरच्या टेबलावर ते चालते की नाही हे आधी ठरवून घ्यावे.

वाटणाऱ्याची जागा दाखवणारी चकती म्हणजे बटन. ती दर डावाला डावीकडे एक घर सरकते. प्रत्यक्ष पाने कोणीही पिसो वा वाटो, बटन ज्याच्यापुढे असेल त्याला फ्लॉपपासून पुढच्या प्रत्येक फेरीत शेवटी बोलायला मिळते. इतरांनी काय केले ते पाहून निर्णय घेता येतो, म्हणून तीच टेबलावरची सर्वांत चांगली जागा मानली जाते. बिग ब्लाइंडच्या लगेच डावीकडच्याला अंडर द गन म्हणतात, कारण पाने वाटल्यावर सर्वांत आधी त्यालाच तोंड उघडावे लागते. फ्लॉप म्हणजे मध्ये एकदम उघडलेली पहिली तीन पाने, टर्न म्हणजे चौथे आणि रिव्हर म्हणजे पाचवे. हे तुम्हाला माहीत असेलच.

पॅक, म्हणजे पाने टाकून डाव सोडणे, हेच फोल्ड, त्यात काही वेगळे नाही. चाल या एका शब्दाचे मात्र पोकरमध्ये चार तुकडे होतात. कोणी काही लावलेले नसताना आपणही काही न लावता पाळी पुढे देणे म्हणजे चेक, आणि याला तीन पत्तीत प्रतिशब्दच नाही, कारण तिथे प्रत्येक पाळीला काहीतरी टाकावेच लागते. पहिल्यांदा रक्कम लावणे म्हणजे बेट, तेवढीच रक्कम देणे म्हणजे कॉल आणि ती वाढवणे म्हणजे रेझ.

इथेच आणखी एक सवय मोडावी लागते. ‘हे तुझे शंभर, आणि हे माझे वर दोनशे’ असे म्हणत दोनदा हात पुढे करणे तीन पत्तीत कोणाला खटकत नाही, पण पोकरमध्ये ते स्ट्रिंग बेट ठरते आणि फक्त शंभरांचा कॉल धरला जातो. कारण रास्त आहे: शंभर पुढे आल्यावर समोरच्याचा चेहरा वाचून मग वाढवायचे की नाही ते ठरवण्याची सोय कोणालाच मिळू नये. म्हणून आधी ‘रेझ, तीनशे’ असे तोंडाने स्पष्ट म्हणावे आणि मग चिप्स एकाच हालचालीत पुढे ठेवाव्यात. शोसुद्धा इथे मागायचा नसतो. रिव्हरवरची फेरी संपली की तो आपोआप येतो, त्याला शोडाउन म्हणतात, आणि त्या फेरीत शेवटचा बेट किंवा रेझ ज्याने केला असेल त्याने आधी पाने दाखवायची असतात. हरलेल्याला आपली पाने न दाखवता परत करता येतात, त्याला मक करणे म्हणतात. साइड शो तर पोकरमध्ये नाहीच. शेजाऱ्याशी पाने ताडून पाहणे हा नियमभंग आहे.

सानपाड्याची गणिती

मी शाळेत गणित शिकवते, म्हणून सिक्वेन्स आणि कलर यांची अदलाबदल का होते ते सांगण्याचा मोह आवरत नाही. नियम साधारण असा आहे: जे कमी वेळा येते ते मोठे. बावन्न पानांतून तीन पाने २२,१०० प्रकारे निघतात. त्यांत साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६ असतात, म्हणून तीन पत्तीत सिक्वेन्स वरचढ. पाच पाने मात्र २५,९८,९६० प्रकारे निघतात, आणि त्यांत सिक्वेन्स, म्हणजे पोकरचा स्ट्रेट, १०,२०० वेळा येतो, तर कलर, म्हणजे फ्लश, ५,१०८ वेळाच. पानांची संख्या तीनवरून पाच झाली की दुर्मीळपणा उलटतो आणि मानही उलटतो. ट्रेलचेही तसेच आहे. तीन पत्तीत ट्रेल सर्वांत मोठी, आणि ती ५२ प्रकारेच होते. पोकरमध्ये तीन सारख्या पानांचे ५४,९१२ प्रकार आहेत, म्हणून ती स्ट्रेटच्याही खाली जाते. काका, तुमच्या पिढीतल्या सगळ्यांना हा धक्का बसतोच, त्यात तुमची चूक मुळीच नाही.

आता आउट्स. आपला हात सुधारणारी जी पाने अजून दिसलेली नाहीत, त्यांना आउट्स म्हणतात. तुमच्याच इस्पिकच्या डावात फ्लॉपला हातातली दोन आणि मधली दोन मिळून चार इस्पिक झाली होती. एकूण तेरांतली नऊ उरली, म्हणजे तुमचे नऊ आउट्स. अशा अर्धवट हाताला फ्लश ड्रॉ म्हणतात. टेबलावर बसून भागाकार करत बसण्यापेक्षा एक सोपा अंदाज पुरतो: फ्लॉपनंतर दोन्ही पाने पाहायला मिळणार असतील तर आउट्सना चारने गुणावे, एकच पान उरले असेल तर दोनने. नऊ चोक छत्तीस, आणि खरा आकडा शेकडा ३५ च्या आसपास आहे. टर्ननंतर नऊ दुणे अठरा, खरा आकडा शेकडा १९.६. स्ट्रेटला दोन्ही टोकांपैकी कोणतेही पान चालत असेल तर आठ आउट्स असतात. रमीत आपण ‘मधले पान अडले आहे’ म्हणतो तशी स्थिती असेल तर चारच, आणि त्याला गटशॉट म्हणतात.

आउट्स मोजून पुढे करायचे काय, ते पॉट ऑड्स सांगतात. समजा टर्नला पॉटमध्ये, म्हणजे मध्ये जमलेल्या ढिगात, ३०० चिप्स आहेत आणि समोरच्याने १०० लावल्या. तुम्ही १०० दिल्यात तर पॉट एकूण ५०० चा होईल, म्हणजे पाचांत एकदा जिंकलात तरी बरोबरी. तुमची शक्यता १९.६ आहे, म्हणजे तेवढ्या हिशेबाने कॉल जेमतेम काठावर बसतो. कलर झाल्यावर समोरचा रिव्हरला आणखी काही देईल अशी खात्री असेल, तर तो कॉल योग्य ठरतो. त्या पुढच्या मिळकतीला इम्प्लाइड ऑड्स म्हणतात. हा एक हिशेब हातात बसला की निम्मे शब्द आपोआप समजतात, असा माझा अनुभव आहे.

ऐरोलीकर

काका, स्लो रोलबद्दल मी लिहितो, कारण मुले का गप्प झाली ते तुम्हाला कळायला हवे. मधली पाने होती राजा, चव्वी, सत्ती, दुर्री, गुलाम. त्यांत जोडी नव्हती, त्यामुळे कोणाचे फुल हाउस (तीन सारखी पाने आणि एक जोडी) होणे शक्य नव्हते, आणि तीनच इस्पिक मध्ये असताना स्ट्रेट फ्लशही (एकाच रंगाचा सिक्वेन्स) जुळत नव्हता. म्हणजे एक्क्याचा इस्पिक फ्लश हा त्या डावातला अजिंक्य हात होता. अशा हाताला नट्स म्हणतात. नट्स हातात असताना आणि समोरच्याने सर्वस्व लावलेले असताना विचार करण्यासारखे काहीच उरत नाही, म्हणून तेव्हा थांबणे म्हणजे हरणाऱ्याला क्षणभर खोटी आशा दाखवणे, असे पोकरमध्ये मानतात. हाच स्लो रोल. स्लो प्ले ही याहून अगदी निराळी गोष्ट आहे: मोठा हात असूनही आधीच्या फेऱ्यांत चेक किंवा कॉल करत हळूहळू खेळणे, म्हणजे समोरचा फसून स्वतःच रक्कम वाढवतो. तो डावपेच आहे आणि त्याला कोणी नावे ठेवत नाही. पुढच्या शनिवारी ‘मला ही रीत माहीत नव्हती’ एवढे म्हटलेत तरी पुरेसे आहे. मुले तुम्हाला मानतात, नाहीतर काका म्हणून हळूच सांगितले नसते.

कूलर आणि बॅड बीट हे शब्द लोक एकमेकांच्या जागी वापरतात, पण एकाच जोडीवर दोन्ही समजतात. एकाकडे एक्क्यांची जोडी, दुसऱ्याकडे राजांची, आणि फ्लॉपच्या आधीच दोघांच्या सगळ्या चिप्स मध्ये गेल्या. शंभरांत सुमारे ८२ वेळा एक्के जिंकतात. तसे झाले तर राजेवाल्याला कूलर बसला म्हणायचे, कारण त्याने काही चुकीचे केले नाही, इतका मोठा हात घेऊन तो आणखी मोठ्या हातावर आदळला. उलट रिव्हरला तिसरा राजा आला, तर एक्केवाल्याला बॅड बीट मिळाली. त्यानंतर चिडून वाटेल ते डाव खेळू लागणे म्हणजे टिल्ट. हा शब्द पिनबॉलच्या यंत्रावरून आला आहे. ते जास्त हलवले की टिल्टचा दिवा लागतो आणि खेळ बंद पडतो.

सेट आणि ट्रिप्स दोन्ही म्हणजे तीन सारखी पाने. हातात जोडी आणि मध्ये तिसरे पान असेल तर सेट, हातात एक आणि मध्ये जोडी असेल तर ट्रिप्स. सेट अधिक मोलाचा, कारण तो समोरच्याला दिसत नाही. फ्लॉपला तो साधारण साडेआठांत एकदाच लागतो. दश्शी-दुर्रीला डॉयल ब्रन्सन म्हणतात, कारण त्या खेळाडूने १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षे पोकरच्या जागतिक मालिकेची मुख्य स्पर्धा याच पानांवर जिंकली. म्हणून ती पाने खेळायची असतात असे मात्र नव्हे.

एक बाब विषयाला धरूनच. सराव करायला म्हणून कोणी पैशांचे अ‍ॅप सुचवले तर ते टाळावे. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली आहे, मग तो खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा.

मानपाडेकर

सर्वांचे मनापासून आभार. गणिती ताईंनी दिलेले आकडे मी वहीत उतरवून घेतले आहेत. कालच्या शनिवारी सुरुवातीलाच त्या मुलाशी बोललो. त्याने हात हातात घेतला आणि विषय संपला. एक शंका उरली आहे. काल माझ्याकडे एक्का-सत्ती होती आणि समोरच्याकडे एक्का-चव्वी. मध्ये एक्का, राजा, राणी, नव्वी, अठ्ठी अशी पाने होती आणि कोणाचाही कलर झाला नव्हता. माझी सत्ती मोठी, शिवाय माझा एक्का इस्पिकचा, तरी पॉट अर्धा-अर्धा वाटला. हे बरोबर झाले का?

तलावपाळी

बरोबर झाले. हात नेहमी उत्तम पाच पानांचाच धरतात. तुम्हा दोघांचीही पाच पाने एक्का, एक्का, राजा, राणी, नव्वी अशी होती, त्यामुळे तुमची सत्ती आणि त्याची चव्वी मोजण्यातच आली नाही. मध्ये राजाच्या जागी पंजी असती, तर तुमची पाच पाने तीच दोन एक्क्यांसह राणी, नव्वी, अठ्ठी झाली असती, म्हणजे तेव्हाही बरोबरीच. नव्वी आणि अठ्ठीच्या जागी तिर्री आणि दुर्री असती, तर मात्र पाचवे पान तुमची सत्ती ठरली असती आणि पॉट तुमचा झाला असता. अशा निर्णय करणाऱ्या सुट्या पानाला किकर म्हणतात. आणि पोकरमध्ये चारही रंग सारखेच. इस्पिकचा एक्का किलवरच्या एक्क्याहून मोठा नसतो.