छोटा एलईडी प्रोजेक्टर: घरी आणि गावी दोन्हीकडे चालेल का?

सिंहगडरोडकर: नमस्कार मंडळी. आम्ही भाड्याच्या वन बीएचकेत राहतो, हॉल 10 बाय 12. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपलं की पुन्हा सामान हलवायचं, म्हणून मोठा टीव्ही नको असं ठरलंय. छोटा प्रोजेक्टर घेतला तर सुट्टीत दापोलीला सासरीही नेता येईल. ऑनलाइन एक दिसलाय: '9000 लुमेन, 4के', किंमत 8 हजार. घेऊ का?

पडदानशीन: ताई, तो घेऊ नका. लुमेन म्हणजे उजेडाचं माप, पण खोक्यावरचे 9000 लुमेन कसे मोजले ते कुणी सांगत नाही. 'एएनएसआय लुमेन', म्हणजे ठरलेल्या प्रमाणित पद्धतीने मोजलेला उजेड, किती, तेवढंच विचारा. त्यात पडद्यावर 9 ठिकाणी उजेड मोजून सरासरी काढतात. हा आकडा कुठेच दिला नसेल तर पुढे जा.

आता तुमच्या हॉलचा हिशोब. 80 इंची चित्राचं क्षेत्रफळ साधारण 19 चौरस फूट. 300 एएनएसआय लुमेनचा प्रोजेक्टर असेल तर चौरस फुटाला 16 च्या आसपास लुमेन पडतात, आणि थिएटरातही साधारण तेवढाच उजेड धरतात. म्हणजे अंधारात चित्र झकास दिसेल. तेच 120 इंची केलंत तर उजेड निम्म्याहून कमी होतो. मोठ्या चित्राच्या मोहात पडू नका, 80 इंच भरपूर आहे. थ्रो रेशो (भिंतीपासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) 1.2 असेल तर त्यासाठी भिंतीपासून 7 फूट अंतर लागतं, ते तुमच्याकडे आहे.

'4के सपोर्ट' म्हणजे 4के फाइल चालते, एवढंच. 'नेटिव्ह', म्हणजे यंत्राचं स्वतःचं, रेझोल्यूशन 1080पी आहे का ते बघा. आणि पुण्यात तापकीर गल्लीत किंवा कुठेही, चालू करून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. मेनू उघडायला लावा आणि चारही कोपऱ्यांतली बारीक अक्षरं वाचा. स्वस्त लेन्समध्ये मधलं अक्षर टोकदार आणि कोपऱ्यातलं फिसकटलेलं दिसतं. आतला भाग सीलबंद आहे का हेही विचारा. नसेल तर धूळ आत जाते आणि काळोख्या सीनमध्ये पुसट डाग दिसायला लागतो. आपल्याकडे जिकडेतिकडे बांधकामं चालू, धुळीला तोटा नाही.

शक्यतो भिंतीसमोर सरळ ठेवा. तिरका ठेवून कीस्टोन सेटिंगने चौकट सरळ केली की तेवढे पिक्सेल आणि उजेड वाया जातो.

घाटमाथा: प्रवासाचं मी सांगतो. आत बॅटरी असलेला घेतलात तर साधारण दोन-अडीच तास धरा. बॅटरीवर बऱ्याच मॉडेलांचा उजेड उतरतो. बॅटरी नसेल आणि टाइप-सीवर चालणारा असेल, तर पॉवर बँक 65 वॉट देणारी हवी. मोबाइलची 22.5 वॉटची तिथे कामाची नाही. 20,000 एमएएच म्हणजे सुमारे 74 वॉट-तास, त्यावर 65 वॉटचं यंत्र जेमतेम तासभर चालेल. विमानाने जाताना पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवा, चेक-इनमध्ये चालत नाही.

नेटफ्लिक्सचंही आधीच विचारून घ्या. बऱ्याच स्वस्त मॉडेलांवर ते अधिकृत नसतं आणि मोबाइलचा स्क्रीन जसाच्या तसा प्रोजेक्टरवर दाखवला (मिररिंग) तर पडदा काळा राहतो. फायर स्टिक (एचडीएमआयला लावायची छोटी स्ट्रीमिंग काडी) लावली की प्रश्न मिटतो, फक्त तिला वेगळा अ‍ॅडॅप्टर द्या.

सिंहगडरोडकर: खूप आभार दोघांचे! 8 हजारवाला रद्द. एकच राहिलं, सासऱ्यांना दुपारची मॅच बघायची असते. जाड पडदे लावले तर?

पडदानशीन: दुपारी नाही जमायचं. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही, फक्त उजेड टाकतो; भिंत जेवढी उजळ, तेवढाच चित्रातला काळाही उजळ दिसतो. ब्लॅकआउट पडद्यांनी सिनेमा निभावेल, पण कोकणातल्या घरात भर दुपारी सगळं बंद करून घामाघूम बसवणार का त्यांना? दुपारच्या मॅचला त्यांचा टीव्हीच राहू द्या. डे-नाइट असेल तर दुसरी इनिंग अंगणात पांढरी चादर ताणून लावा. चादरीला खालून काठी बांधा, वाऱ्याने हलली की चेंडू दिसत नाही.