एलएमएस आणि सीएमएस: मराठीत दोन्हीला एकच शब्द चालेल का?

फोंड्यात शिक्षकांच्या वर्कशॉपसाठी मराठी माहितीपत्रक करतोय, मसुद्यात लर्निंग मॅनेजमेंट सिस्टम (एलएमएस) आणि कोर्स मॅनेजमेंट सिस्टम (सीएमएस) या शिकण्या-शिकवण्याच्या सॉफ्टवेअरच्या दोन प्रकारांना 'शिक्षण व्यवस्थापन प्रणाली' लिहून आलंय. मला हे अजिबात पटत नाहीये. शिक्षण म्हटलं की शिकणं, शिकवणं, शाळाखातं सगळं त्यात आलं. बीएडवाल्यांकडे अध्ययन आणि अध्यापन असे दोन स्वच्छ शब्द आहेत, कोकणीत शिकप वेगळं, शिकोवप वेगळं, मग इथेच का एकत्र कालवायचं?

माझ्या मते फरक असा की कोर्सवाल्या सिस्टमचं एकक म्हणजे एक विषय, एक वर्ग. मॅडमनी नोट्स टाकल्या, असाइनमेंट घेतली, क्विझचे मार्क भरले, सेमिस्टर संपली, झालं. लर्निंगवालीत मध्यभागी माणूस असतो. माझा मेहुणा वेर्ण्याला फार्मा कंपनीत आहे, तिथे नवीन एसओपी (काम कसं करायचं याची ठरलेली लेखी पद्धत) आली की ती वाचून क्विझ पास होईपर्यंत त्याच्या नावापुढे लाल खूण राहते आणि तोवर त्या मशीनवर त्याला उभं करत नाहीत, ट्रेनिंगची मुदत संपत आली की मेल येतो, आणि ऑडिटर आला की कोण कधी काय शिकला हे पाच वर्षांमागचंसुद्धा काढून दाखवावं लागतं. याला अभ्यासक्रम कसं म्हणणार?

म्हणून एलएमएसला 'अध्ययन व्यवस्थापन प्रणाली' आणि दुसऱ्याला 'अभ्यासक्रम व्यवस्थापन प्रणाली'. पाठ्यक्रम नको, तो सिलॅबस वाटतो.

प्रतिसाद: अर्थ पटला, पण मग मूडल, म्हणजे कॉलेजात वापरतात ते ऑनलाइन कोर्सचं सॉफ्टवेअर, कशात घालणार? आमच्याकडे त्यावर नोट्सच असतात फक्त.

परत मीच: चांगलं विचारलंत, खरी गुंतागुंत तिथेच आहे. मूडल 1.0 आलं 2002 मध्ये, ऑस्ट्रेलियात मार्टिन डोगियामास यांनी केलेलं, आणि बरीच वर्षं ते स्वतःला कोर्स मॅनेजमेंट सिस्टमच म्हणवून घ्यायचं, आता एलएमएस म्हणतं. त्याच्या आधीच्या वेबसीटी नावाच्या तसल्याच सॉफ्टवेअरच्या तर नावातच कोर्स टूल्स होतं. म्हणजे कॉलेजांच्या जगात हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले गेलेत, फरक जाणवतो तो कंपन्यांच्या ट्रेनिंगमध्ये. त्यात सीएमएस म्हटलं की आज कुणीही वर्डप्रेस, जूमला असलं वेबसाइटचं कंटेंटवालं सॉफ्टवेअर समजतो, त्यामुळे कोर्ससाठी ते लघुरूप मी पत्रकात वापरणारच नाही. तुम्ही नुसत्या नोट्स ठेवता तर वापर अभ्यासक्रमापुरता, सॉफ्टवेअर मात्र अध्ययनाचं, त्यात कोर्स पूर्ण झाल्याची नोंद, बॅज, सगळं आहे, सुरू करून बघा.

प्रतिसाद: अध्ययन हा शब्द पालकांना जड जाईल हो. 'शिकण्याची नोंदवही' कसं वाटतं?

परत मीच: नोंदवही आवडलं! पण त्यात क्विझ, चर्चा हे येत नाही. पत्रकात पहिल्यांदा पूर्ण मराठी नाव, पुढे सगळीकडे एलएमएस, आणि पालकांच्या पानावर एका ओळीत तुमची नोंदवही घालतो.