पेपरला जादा वेळ: हक्क की लाड?

फळाखडू: माझ्या वर्गात डिस्लेक्सिया (म्हणजे वाचता-लिहिताना अडखळणं) असलेला एक मुलगा आहे, त्याला पेपरला जादा वेळ मिळतो. परवा एका पालकांनी तोंडावर विचारलं, मग आमच्या मुलीला का नाही? मी काहीतरी गुळमुळीत बोलले. पण तोंडी विचारलं की हा पोरगा धडाधड सांगतो हो, कागदावर मात्र एकेक शब्द फोडत बसतो, निम्मा वेळ प्रश्न वाचण्यातच जातो. मग मी विज्ञान तपासतेय की वाचायचा स्पीड?

रोखठोक: पालकांचं काय चुकलं? माझी मुलगीही हळू लिहिते, फक्त तिच्याकडे डिस्लेक्सियाचं सर्टिफिकेट नाही. ज्यांना तपासण्या परवडतात त्यांना वेळ, बाकीच्यांनी घड्याळाकडे बघायचं.

तिरकं अक्षर: चष्मेवाल्याला परीक्षेत चष्मा काढ म्हणतो का आपण?

रोखठोक: आलं चष्म्याचं उदाहरण, वाटच बघत होतो 😀 चांगल्या डोळ्याला चष्म्याचा उपयोग नसतो, जादा वेळेचा मात्र कुणालाही होतो.

तिरकं अक्षर: मुद्दा बरोबर आहे. मग सगळ्यांनाच द्या ना वेळ, स्पीड तपासायचाच नसेल तर घाई कशाला?

पुढचा बाक: वेळेवरच का अडलाय सगळे? मला कमी ऐकू येतं. लोकांना वाटतं यंत्र लावलं की झालं, पण त्यात बाकं सरकवल्याचा आवाजही मोठा होतो. सर फळ्याकडे तोंड करून बोलायला लागले, ओठ दिसेनासे झाले, की माझा तास संपला. मला मुद्दाम पुढे बसवलेलं, त्यामुळे मागून कुणी उत्तर दिलं तर तेही कळायचं नाही. एक बाई मात्र मुलांचं उत्तर स्वतः परत म्हणायच्या, बस एवढंच, आणि ते अख्ख्या वर्गाला बरं पडायचं.

रोखठोक: याला माझा विरोध नाहीच. पण १९९४ चा सालामांका जाहीरनामा झाला, २००६ चा युनोचा अपंगांच्या हक्कांचा करार झाला, सगळ्यांना एकाच वर्गात शिकवा म्हणून सह्या करणारे वर्गात येत नाहीत, तिथे बाई एकटीच असते. स्पेशल शिक्षक कुठाय?

फळाखडू: नाहीये, हे खरंय. पुढच्या चाचणीत वेळ तोच ठेवून प्रश्न कमी करते, सगळ्यांनाच. वार्षिक परीक्षा माझ्या हातात नाही.

रोखठोक: करा. कुणाचे मार्क वाढले ते इथे येऊन सांगा, माझ्या पोरीसारख्यांचेही.