मधली टाकी विसरू नका

सोलर बंब आणि हीट पंप एवढ्यावर खेड्यातलं घर हिवाळाभर उबदार राहील, हे मत मला पटत नाही. कडाक्याच्या थंडीत दिवस लहान, ऊन तिरपं, आणि हवेतली उष्णता खेचणारा पंपही नेमका तेव्हाच जास्त वीज खातो. जोडीला लाकडाची बंद शेगडी हवीच, आणि सगळ्यांच्या मध्ये, तिघांचीही उष्णता साठवणारी पाण्याची मोठी टाकी. हजार लिटर पाणी 40 अंशांवरून 70 वर नेलं की जवळपास 35 युनिट उष्णता साठते. घराच्या फटी नीट बुजवलेल्या असतील तर संध्याकाळचा एक जोमदार जाळ रात्र काढतो. टाकीच्या नळांना हात लावून बघा: वरचा चटका देतो, खालचा कोमट. सोलरची उष्णता टाकीत आणणाऱ्या नळीचं वेटोळं त्या खालच्या भागातच बसवा, म्हणजे मंद उन्हाची उष्णताही पाण्यात उतरते. लाकूड मात्र खडखडीत वाळलेलंच घ्या. ओल्याची बरीच उष्णता त्यातल्या पाण्याची वाफ करण्यातच जाते.